सात सेकंदांचं हसू

४ मार्च, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. २२ तारखेला विनोदी सिनेमाचा ट्रायल शो आहे. एडिटिंग माझं. दिग्दर्शक म्हणाला, काका, बाकी सगळे बिझी आहेत. विश्वास दाखवायची एकेकाची पद्धत असते.
ही काल बहिणीकडे गेली. मेव्हणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. जाताना दोन बॅगा आणि विजेवरचं शिलाई मशीन नेलं. गुडघा म्हणजे दिवस लागणार, हाताला काही काम नको का. मशीनचं पायाचं पेडल मात्र टेबलाखालीच राहिलंय. पेडलशिवाय ते मशीन म्हणजे नुसतं ओझं. तेव्हा आठवड्याभरात परत.
संकल्प: विनोद का चालतो, हे एकेक प्रकार घेऊन इथे लिहायचं. पुढेमागे पुस्तक होईल.

६ मार्च
पडापडी. नियम: पडणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, म्हणजे लाँग शॉट. चेहरा जवळून दाखवला की प्रेक्षकालाच लागतं. म्हणून हिरो जिन्यावरून घसरतो तिथला क्लोजअप काढला. दिग्दर्शकाने परत घातला. मी परत काढला.
संध्याकाळी बाथरूममध्ये घसरलो. पडलो नियमाप्रमाणेच, पण बघायला कोणी नव्हतं. दहा मिनिटं तसाच होतो. मग हिला फोन करून रंगवून सांगितलं. तिने विचारलं, लागलं का. नाही म्हटलं. बरं म्हणाली आणि कुकर लागलाय म्हणून फोन ठेवला. हसली नाही. फोनवर लाँग शॉट मिळत नाही, त्याला ती काय करणार.

९ मार्च
गैरसमज. नियम: प्रेक्षकाला माहीत असतं, पात्राला नसतं. आमच्या हिरोची नोकरी गेलीय हे घरात सगळ्यांना कळलंय, आणि हा रोज टाय लावून डबा घेऊन निघतो. बायको मुकाट्याने डबा भरते. साउंडवाला हसून खुर्चीतून खाली यायचा बाकी होता. मी म्हटलं, पटत नाही. इतकं समोर दिसत असताना माणसाला एका दिवसात कळेल. तो खुर्चीत सरळ बसला. मग म्हणाला, वहिनींच्या बहिणीचा गुडघा कसा आहे? कुठला पाय, हेच मी अजून विचारलेलं नाही. उद्या विचारतो.

१० मार्च
विचारलं. फोन मेव्हणीने उचलला. म्हणाली, भावोजी, कुणाचा गुडघा? तेवढ्यात हिने फोन काढून घेतला. मेव्हणी पहिल्यापासून सोशिक, स्वतःचं दुखणं कधी सांगायची नाही. शिवाय चालत येऊन फोन उचलला, म्हणजे ऑपरेशन उत्तम झालंय.

१२ मार्च
टायमिंग. सगळ्यात अवघड. प्रेक्षक हसत असताना पुढचं वाक्य आलं तर ते बुडतं. म्हणून मी एडिट करताना प्रत्येक विनोदाखाली तात्पुरतं रेकॉर्ड केलेलं हसू लावतो. ते संपलं की पुढचं वाक्य. शोच्या आधी काढून टाकायचं. बाकीचे अंदाजाने जागा सोडतात. मी मोजून सोडतो.
हसू हिचं आहे. चौदा वर्षांपूर्वी ही डबा द्यायला एडिटिंग रूममध्ये आली, मागच्या खुर्चीत बसली आणि एका सीनला हसत सुटली. माईक चालू होता. सात सेकंद. सुरुवात दबकी, मध्ये एक उचकी, मग आवरेनासं होतं. या सिनेमात एक्केचाळीस ठिकाणी लावलंय.
दिग्दर्शक म्हणाला, काका, इथे सात सेकंद कोण हसणार? मी म्हटलं, माझ्याकडे पुरावा आहे.

१६ मार्च
ठोकळा विनोद. नियम: चेहरा हलता कामा नये. आजूबाजूला काय वाटेल ते कोसळू दे. यात मी जन्मजात. ही वीस वर्षं म्हणते, तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. कौतुकाची मी कधी जाहिरात केली नाही.
हिला शोला बोलावलं. येते म्हणाली, नाहीतरी तुमच्याशी बोलायचंच आहे. झालं तर मग. अंधारात हसेल, दिवे लागले की म्हणेन, चल घरी. नुकत्याच हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. पेडल पुसून ठेवलं.

२१ मार्च
साउंडवाला आज रजेवर. त्याला कालच म्हटलं, हसू मीच बंद करतो आणि प्रत काढतो, एक बटण तर दाबायचं. विसरायला नको म्हणून मॉनिटरला चिठ्ठी लावली. अनुभवी माणसाचं हे असं असतं.

२२ मार्च, दुपारी ३.४०, थिएटर, शेवटची रांग
अंधारात लिहितोय. पहिल्याच घसरण्याला हशा. दुसऱ्यालाही. सात सेकंद, घड्याळ लावून बघावं. ही उशिरा आली, पाचव्या रांगेत बसलीय. पाठच दिसते, पण हसू ओळखलं. उचकीसकट तेच. चौदा वर्षांत काडीचा फरक नाही. उगाच काळजी करत होतो.

३.५५
उचकी दर वेळी एकाच जागी येतेय.

४.०५
लोक माना वळवून बघताहेत, कोण बाई हसतेय. एकटी ही पडद्याशेजारच्या स्पीकरकडे बघतेय.

२३ मार्च
चिठ्ठी खुर्चीखाली सापडली. हल्ली गोंदात दम नाही.
शो संपल्यावर ही जिन्यापाशी थांबली होती. म्हणाली, ते माझं हसणं होतं. हो म्हटलं. कधीचं? सांगितलं. कुठल्या सीनचं? आठवेना. ती म्हणाली, सीन मी बघितलाच नव्हता. तुम्ही कानावर पेन्सिल ठेवून पेन्सिल शोधत होता. टेबलाखाली शिरलात, सगळ्यांवर ओरडलात. मग मला विचारलंत, कुठल्या विनोदाला हसलीस? मी सांगेपर्यंत पाठ फिरवलीत.
गुडघा कुणाचाच नाही. बहिणीच्या घराजवळ शिवणकामाला जागा घेतलीय. परत यायचं नाही. हे सगळं शांतपणे सांगितलं, चेहरा हलला नाही. माझाही हलला नाही. बाजूने जाणाऱ्याला वाटलं असेल, बसची चौकशी चाललीय.
जाताना म्हणाली, पेडल तेवढं पाठवा. तीन आठवडे हाताने चाक फिरवतेय.

२५ मार्च
दिग्दर्शकाने हसू काढायला लावलं. आता एक्केचाळीस ठिकाणी सगळी पात्रं सात सेकंद नुसती उभी राहतात, कोणीतरी हसेल म्हणून. एकेक कापतोय. नऊ झाली.
पेडल वायर गुंडाळून खोक्यात भरलं. पत्ता लिहायला पेन्सिल मिळेना. टेबलाखालीही बघितलं. शेवटी पेनाने लिहिला.
पेन्सिल आंघोळीला वाकलो तेव्हा कानावरून बादलीत पडली.