सातवा नमुना

११ मार्च, वसमत
प्रयोगशाळेत हळदीचे नऊ नमुने तपासले. काचेची नळी मी धुतो, रंग मोजायच्या यंत्रात मी ठेवतो. अहवालावर सही शीतलची. ती बी.एस्सी., मी बारावीतच थांबलो. सातव्याच्या वेळी ती म्हणाली, "नोकरी हाय म्हणून घरचे गप हायत. न्हाईतर कवाच लगन लावून दिलं असतं माझं." मला काही बोलायचं होतं. नाही बोललो. सातव्याचा आकडा चांगला वर आला.

१९ मार्च
आमच्या आकड्यावर भाव दिलेल्या व्यापाऱ्याने सातवा नमुना दुसरीकडे तपासून घेतला. रंग कमी निघाला. मालकांनी, म्हणजे सरांनी, सगळ्यांसमोर शीतलला विचारलं, "पैसे किती घेतले?" ती रडली नाही. डबा आणि नोंदवही उचलली आणि बाळापूरच्या गाडीला गेली.

२० मार्च
आठवलं. सहाव्यानंतर नळी मी नुसत्या पाण्याने धुतली, स्पिरिटने नाही. पाण्याने हळद काचेवरून जात नाही. तो रंग सातव्यात उतरला, तेवढा प्रकाश जास्त अडला, आकडा चढला. लक्ष तिच्या बोलण्यात होतं माझं.
सहावा-सातवा दोन्ही नमुने काढून तसंच तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा चढला.

२२ मार्च, रविवार
बाळापूर. तिच्या आईने मलाच साहेब समजून चहा दिला, म्हणाली, "साहेब, पोरगी तशी न्हाई हो माझी." कप हातात धरून शीतलला सगळं सांगितलं.
"तीन दिवस मी माझीच वही उलटून राहिले. आन् तू आता येऊन राहिलास?"
कप माझ्या हातातून घेत, "काल पाहुणे येऊन गेले. बाबानं व्हय म्हटलं."
सातव्याच्या वेळी न बोललेली दुसरी गोष्ट सांगायची राहिलीच.

२४ मार्च
चूक माझी, असं सरांना लिहून दिलं. शुद्धलेखन दोन वेळा सुधारून. "तुझ्या सहीला काय किंमत हाय रे इथं?" म्हणाले. पण कागद फाडला नाही, खिशात ठेवला.

२७ मार्च
सरांनी कागद व्यापाऱ्याला दाखवला म्हणे. सर म्हणाले, "पोरीला सोमवारी बोलव. तू उद्यापासून येऊ नको."
शीतलला फोन केला. सोमवारचा निरोप दिला. ती म्हणाली, "पाहुण्यांना बाबाचा शब्द गेलाय. तरी विचारते." मग, "तू हायस ना तिथं? मला एकटीला त्या लोकायसमोर…"
हो म्हणालो.