पोपटी स्वेटरची नेमणूक

ती. मावशीस साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या कागदावरच). तुझे गुडघे बरे असावेत. नसले तरी तू सांगणार नाहीस, म्हणून खोलात शिरत नाही. पत्रास कारण असं की, तू विणलेल्या पोपटी स्वेटरने आपल्या घराण्याचं नाव काढलं.

आमच्या बागेत एका झाडासमोर लाकडी खांब रोवला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याने त्याच्या खाचेत फोन ठेवून झाडाचा फोटो काढायचा आणि बागेच्या ऑफिसला पाठवायचा. त्यावरून पालवी कधी फुटली, हवामान कसं बदलतंय, हे कॉम्प्युटर ठरवतो. झाडाखाली एकच बाक आहे आणि निवृत्त झाल्यापासून त्यावर मी असतो. (घरी थांबलो की तुझी सूनबाई कपाटं आवरायला लावते.) थंडीमुळे अंगात रोज तोच स्वेटर. परिणामी झाडावर औषधालाही पान नसताना कॉम्प्युटरने वसंत आल्याचं कळवून टाकलं.

बागेच्या मुख्य बाईंनी मला बोलावून घेतलं. पडद्यावर शेकडो फोटो आणि सगळ्यांत मी, काहींत तर जांभई देताना. बाक उद्याच हलवणार, म्हणाल्या. तूच सांग मावशी, त्या बाकाशिवाय दिवस काढायचा कुठे? रडवेला होऊन मी एवढंच म्हणालो, "बाई, फोटोंवर इतका विश्वास ठेवू नका. यात मी पोपटी, त्यात पिवळा, पलीकडे निळा. स्वेटर तर एकच आहे."

बाईंनी लगेच मला चहा मागवला. प्रत्येक फोन रंग वेगळे दाखवतो ना, त्यामुळे कधीच न बदलणाऱ्या रंगाची एक वस्तू प्रत्येक फोटोत असली, की तिच्यावरून झाडाचा खरा रंग काढता येतो. अशी वस्तू कुठे बसवावी, या विचारात त्या वर्षभर होत्या, आणि ती समोर जांभया देत बसली होती. आता बाक माझा, नेमणूक माझी (बिनपगारी). स्वेटरचं पायपुसणं करायला निघालेली सूनबाई शेजारणींना थांबवून थांबवून हे सांगते आहे, आणि मी नुसता ऐकत उभा राहतो.

तुझा भाचा

ता. क. त्या स्वेटरची उरलेली लोकर अजून आहे का? सहज विचारतो.

आणखी ता. क. सहज नाही. कौतुकाच्या भरात सूनबाईने काल स्वेटर उकळत्या पाण्यात धुतला, रंग पार उडाला. आज तसाच घालून बसलो. कॉम्प्युटर अजून त्याला पोपटीच समजतोय, आणि फोटोतच हिरवा कमी पडला असं धरून ती कसर भरून काढायला उघड्याबोडक्या झाडाला हिरवंगार करत सुटलाय. बाईंना पत्ता नाही. नवा विणून लगेच पाठव. तोवर इथलं हवामान तुझ्या हातात आहे.