गणिताची काढू का विज्ञानाची?

सर,

यंदा आपल्या शाळेत गणित विभाग उरला नाही आणि विज्ञान विभागही उरला नाही. दोन्ही विषयांचं मिळून एकच पद मंजूर झालं आणि त्या पदावर मी आहे. हे ज्याला सांगावं असं दुसरं कोणी नाही म्हणून तुम्हाला सांगते आहे. नाही तर तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर पत्र लिहायला बसणारी मी नव्हे, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत तुम्ही म्हणायचात, "या मॅडमच्या डोळ्यातून पानी काढाचं असन तं कांदाच चिराव लागन." तेव्हा मी तोंड वाकडं करायची. आता ते वाक्य आठवलं की मी वह्यांत डोकं घालते, सर, कोणाला कळू नये म्हणून.

तुमच्या वेळची मांडणी आजच्या पोरांना सांगितली तर त्यांना खोटी वाटेल. पाचवी ते दहावी, प्रत्येक वर्गाच्या दोन तुकड्या, गणिताचे शिक्षक वेगळे, विज्ञानाचे वेगळे, दोघांचे विभागप्रमुख वेगळे आणि दोघांची कपाटंही वेगळी. गणिताच्या कपाटात लाकडी कंपास, गुण्ये आणि पुठ्ठ्याचे शंकू, विज्ञानाच्या कपाटात परीक्षानळ्या, चुंबकं आणि बरणीतला तो पांढरा पडलेला बेडूक. दोन खोल्यांच्या मधे एक दार होतं आणि त्याची कडी तुमच्या बाजूला होती. तुम्ही विज्ञानाचे विभागप्रमुख होईपर्यंत ते दार बंदच असायचं. तुम्ही आलात आणि कडीच उपसून काढलीत. वेळापत्रकात गणिताला सकाळचा पहिला तास, कारण पोरांचं डोकं तेव्हा ताजं असतं, आणि विज्ञानाला मधल्या सुट्टीनंतरचा, खिचडी खाऊन पोरं पेंगायला लागली की. यावरून तुम्ही मुख्याध्यापकांशी किती भांडलात! "माह्या विज्ञानानं काय पाप केलं जी? शिळं डोकं आमाले, ताजं डोकं यायले?" शेवटी एक आठवडा गणित आधी आणि एक आठवडा विज्ञान आधी, असं ठरलं. आमच्या गणिताच्या प्रमुखांनी त्यानंतर कित्येक दिवस तुमच्या हातचा चहा घेतला नाही.

पण तुमची खरी करामत म्हणजे शनिवारचं टेबल. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन्ही विभागांनी प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाशी बसायचं, गणितवाल्यांनी खिडकीकडे, विज्ञानवाल्यांनी फळ्याकडे. पुढच्या आठवड्यात विज्ञान शिकवायला गणितातलं काय काय लागणार, ते तुमच्या बाजूनं मागायचं आणि ते आत्ता द्यायचं की नाही यावर आमच्या बाजूनं वाद घालायचा. दशांश अपूर्णांक हवेत, प्रमाण हवं, घातांक हवेत. अड्याळच्या बाजारात भाजीवालीशी घासाघीस करावी तसं चालायचं. बाहेरच्या शाळांतले शिक्षक हसायचे, म्हणायचे की तुमच्याकडे धडे उसने देतात म्हणे. तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मागायला बसायचात.

मी या टेबलाशी यायच्या आधी तुमच्या वर्गातली पोरगी होते, तेव्हाचा एक दिवस मला आजही दिसतो. आम्ही नववीत आहोत. दिवाळीच्या आधीचे दिवस, पाऊस थांबलाय आणि शाळेमागच्या बोडीचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, सोडलंय. तुम्ही आम्हाला त्या लहानशा तलावाच्या पाळीवर आणलंय. हातात बांबू, त्यावर रंगाच्या रेघा. तुमच्यामागे छत्री घेऊन आमचे गणिताचे सर, चेहऱ्यावर पूर्ण नाराजी, कारण त्यांचा तास तुम्ही मागून घेतला आहे. रोज येऊन पाणी किती उतरलं ते बघायचं आणि आलेखावर टिंब द्यायचं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेला एक म्हातारा शेतकरी विचारतो, "काय मोजून राहिले जी मास्तर?" तुम्ही म्हणता, "पानी." तो म्हणतो, "मोजल्यानं एखाद लोटा जास्त येते का बांधीत?" आम्ही खो खो हसतो, गणिताचे सर छत्रीआड हसतात आणि तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं. आठवडाभरानं टिंबं जोडली तेव्हा रेघ आधी सरळ उतरली आणि मग आडवी होत गेली. तुम्ही विचारलंत, "आता हे काहून झालं?" मी उठून म्हटलं की पाणी तुडुंब होतं तोवर जोरात निघालं, उतरलं तसं हळू झालं. तुम्ही आधी माझ्याकडे आणि मग गणिताच्या सरांकडे पाहिलंत आणि म्हणालात, "हे पोरगी तुमची का माही?" त्यांनी मान हलवून सांगितलं, "माझी." त्या एका शब्दावर मी गणित घेतलं. तुमचा हिरमोड झाला होता, हे मला फार उशिरा कळलं.

नंतर मी याच शाळेत गणिताची शिक्षिका होऊन आले आणि टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला बसू लागले. पहिल्याच वर्षी आपलं जुंपलं. नववीच्या विज्ञानात सुरुवातीलाच गतीचा धडा, त्यात अंतर आणि वेळ यांचा आलेख. गणितात मात्र अक्ष, बिंदू, निर्देशक हे सगळं हिवाळ्यात. तुम्ही म्हणालात, जुलैत शिकव. मी म्हटलं, नाही. गणित पायरीपायरीनं चढतं, मधली पायरी उचलून तुमच्या अंगणात आणून ठेवता येणार नाही. नवी नवी होते, पुस्तकी भाषेत बोलायची हौस होती. तुम्ही बीकर गोळा करू लागलात. बाकीचे गेल्यावर बीकर धुता धुता, माझ्याकडे पाठ करूनच म्हणालात, "काय वं, पोरगी तं एकच हाये ना? तुह्या तासाले एक अन् माह्या तासाले दुसरी, अश्या दोन पोरी येतेत का शाळेत? थे एकटीच येते. तिच्या डोक्यात मी जुलैत रेघ मारतो अन् तू डिसेंबरात येऊन सांगते का रेघ कायले म्हनतेत. मदल्या मदी थे काय करन?" मला राग आला, फार आला. घरी जाऊन मी जेवले नाही. पण त्यातलं "थे एकटीच येते" कानातून जाईना. तरी त्या वर्षी मी आलेख जुलैत शिकवला नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टपर्यंत उतरले, तुम्ही जूनच धरून बसल्याचं नाटक केलंत. तुम्ही निवृत्त होईपर्यंत आपण दोघं दर वर्षी त्या एका धड्यावर भांडलो आणि भांडण मिटवायची घाई दोघांनाही नव्हती.

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही मला तुमची स्वतःची लाकडी मीटरपट्टी दिलीत. तिचं एक टोक झिजून गेलेलं, शून्याची खूणच दिसत नाही. मी म्हटलं, सर, ही चुकीचं मोजेल. तुम्ही म्हणालात, "एकपासून मोजाचं अन् एक वजा कराचा. तुह्या गणितात शून्य झिजत नाही, पोरी, माह्या कामात झिजते." ती पट्टी मी वर्गात वापरते. दर वर्षी एक तरी पोर ती बघून हरखतं आणि शून्य कुठं गेलं म्हणून विचारतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती आणि माणसं कमी म्हणून विज्ञानवाल्यांनी मला मदतीला घेतलं होतं. निरोप आला तेव्हा माझ्यासमोर एक पोरगी भिंगाचं नाभीय अंतर काढत होती. परीक्षा थांबवावी का, असं कोणीतरी विचारलं आणि आम्ही सगळ्यांनी एकदमच नाही म्हटलं, कारण थांबवली असती तर तुम्ही शिव्या दिल्या असत्या. पोरीनं खिडकीबाहेरचं झाड कागदावर उलटं पकडलं, मी तिला गुण दिले आणि मग तुमच्या घरी आले. उशीर झाला होता. तुम्हाला घेऊन गेले होते.

त्यानंतर सगळं उतरत गेलं, त्या बोडीच्या पाण्याच्या उलट, म्हणजे आधी हळू आणि मग भराभर. गावात सकाळी इंग्रजी शाळांच्या व्हॅन यायला लागल्या. दोन तुकड्यांची एक झाली. जो निवृत्त झाला त्याची जागा भरली नाही. शेवटी गणितात मी आणि विज्ञानात एक तरुण शिक्षिका, एकोडीची, एवढ्या दोघीच राहिलो. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर मला विसरला असता. आल्या आल्या तिनं बेडकाची बरणी धुतली आणि बांबूवर नव्यानं रेघा मारल्या. शनिवारच्या टेबलाचं मी तिला सांगितलं तेव्हा ती तुमच्या फळ्याकडच्या बाजूला जाऊन बसली आणि पहिलंच वाक्य बोलली, "मॅडम, मले जुलैत आलेख पायजे." सर, मी तिला लगेच नाही म्हटलं. इतकं बरं वाटलं मला नाही म्हणताना! आम्ही दोघीच त्या लांब टेबलाच्या दोन बाजूंना बसून ओरडायचो. शिपाई डोकावून जायचा, खरंच भांडण लागलं की काय म्हणून.

यंदा संचमान्यता आली, म्हणजे पटावरच्या मुलांवरून किती पदं ठेवायची त्याचा सरकारी कागद. मुख्याध्यापकांनी दोघींना बोलावलं आणि कागदाकडे बघतच म्हणाले, "पोट्टे कमी झाले, मॅडम. गनित-विज्ञान मिळून एकच पद हाये. माह्या हातात काय हाये?" नियम सेवाज्येष्ठतेचा, म्हणजे राहायचं मी आणि अतिरिक्त ठरायचं तिनं. तिचं समायोजन दिघोरीकडच्या शाळेत झालं. मी म्हटलं, मी जाते, हिला राहू द्या, हिला दोन्ही विषय येतात. मुख्याध्यापक म्हणाले, असं कोणाच्या मनावर चालत नाही. त्यांचंही खरं होतं. शेवटच्या शनिवारी ती टेबलाशी आली, पण बसली नाही. स्टूल आत सरकवलं आणि म्हणाली, "मॅडम, आता तुमी कोनासंगं भांडान?" मी हसून काहीतरी बोलले. ती गेल्यावर मी दार ओढून घेतलं आणि रडले, कांद्याशिवाय.

तुम्ही जन्मभर या दोन विभागांना एक करायला धडपडलात, सर, आणि आता ते एक झालेत. पण हे तुम्हाला हवं होतं ते नाही. एक व्हायला निदान दोघं तरी लागतात. मी सकाळी गणित शिकवते, दुपारी विज्ञान, शनिवारी त्या टेबलाशी जाऊन बसते. खिडकीकडे बसते. समोरचं स्टूल रिकामं असतं. तुमच्या बाजूनं काय मागायचं ते मला पाठ आहे, तरी मी उठून त्या बाजूला जात नाही.

गेल्या आठवड्यात नववीला गतीचा धडा आला. जुलै महिना. फळ्यावर मी दोन अक्ष काढले, तुमची पट्टी धरून, एकपासून मोजून. मला अडवणारं कोणी नव्हतं आणि मागणारंही कोणी नव्हतं. पहिल्या बाकावरची पोरगी दप्तरात हात घालून थांबली. दोन्ही विषयांना मीच, फळा तोच, रेघही तीच. तिनं विचारलं, "मॅडम, कोनती वही काढू? गनिताची काढू का विज्ञानाची?"

सर, हा प्रश्न ऐकायला तुम्ही अख्खं आयुष्य त्या शाळेत काढलंत. आणि तो आला तेव्हा वर्गात तुम्ही नव्हतात. एवढं एक तुमच्या कानावर पडायला हवं होतं, बाकी काही नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, कोणतीही काढ, पोरी. ते मला ठाऊक होतं, अगदी ओठावर होतं. पण मी म्हटलं, "गणिताची काढ."

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एवढं कबूल करून टाकते. तुमचं म्हणणं मला पहिल्याच वर्षी पटलं होतं. पण ते एकदा कबूल केलं की आपलं भांडण संपतं, आणि ते संपवायची माझी अजूनही तयारी नाही.