चिपाडाची फळी

९ जानेवारी १९९६, मंगळ. विश्रामबाग
फळी क्र. ११ पण गेली. पापुद्रे सुटले. उसाच्या चिपाडाचे धागे एकीकडे, काजूच्या टरफलांच्या तेलाची राळ दुसरीकडे. दोघांचं जमतच नाही. विभागप्रमुख (यापुढे वि.प्र., जास्त शाई नको) म्हणाले, "मॅडम, चिपाड गुऱ्हाळाच्या चुलीत घालायचं असतं." महिनाअखेर फळी टिकली नाही तर फळ्या दाबायची आमची प्रेस दुसऱ्या विभागाला. मी हसून "हो सर" म्हटलं. घरी येईपर्यंत स्वतःचाच राग येत होता.

१३, शनि.
शिराळ्याहून दादानं गुऱ्हाळावरचं ताजं चिपाड पाठवलं. धागे सोडवून झाले. आता दोन दिवस सुट्टी, संक्रांत. बुरशी धरू नये म्हणून हसीनामावशींना (लॅबमध्ये मदतीला; आमची अख्खी गल्ली यांचेच पापड खाते) घाईत सांगून निघाले, धागे खाऱ्या पाण्यात भिजत ठेवा.

१६, मंगळ.
पाणी चहाच्या रंगाचं, बोटांना बुळबुळीत. धागे खरबरीत. विचारलं, मीठ किती घातलंत?
"मीठ? आवं बाई, तुमीच म्हनलासा, खाराच्या पान्यात. पापडखार टाकला की घरचा."
खारं आणि खार! भडकले. नको तेवढं बोलले. दुसरं चिपाड नाही, म्हणून तेच धुऊन वाळत घातलं.

१८, गुरु.
क्र. १२!!! वाकवली, आपटली. पापुद्रा नाही. सुरी घातली, शिरेना. खारानं धाग्यावरचा मेणचट थर गेला आणि राळेला धरायला जागा मिळाली. सुताला कॉस्टिक सोडा (तोही खारच) का लावतात हे दर वर्षी मीच फळ्यावर लिहिते, आणि चिपाडाच्या वेळी डोकं कुठे होतं? मावशींची माफी मागितली, वर मिठी मारली. "सोडा बाई, हातातली नळी फुटंल."

२४, बुध.
दादानं आणखी चिपाड पाठवलं. फळी क्र. १३, १४, १५ तिन्ही पास. वि.प्र. दोन विटांवर ठेवलेल्या फळीवर स्वतः उभे राहिले, बुटांसकट. देह भरभक्कम. फळी हूं की चूं करेना. दारातून मावशी, "सर, आता नाचा की!" अख्खी लॅब हसली, तेसुद्धा. प्रेस इथेच राहणार. जिंकलो. दादाला फोन करून ओरडले.

३०, मंगळ.
अहवाल. वि.प्र. म्हणतात, दुसऱ्यालाही जमेल असं लिहा. पण चारी वेळा खार मावशींनीच टाकलेला आणि मी आनंदाच्या भरात तोलायचं विसरले.
"किती टाकलात?"
"मूठभर. जरा सैल."
तराजूवर सहा मुठी घेतल्या. सहाही वेगळ्या.
"हात हाय बाई, तराजू न्हाई."
शेवटी मात्रेच्या रकान्यात लिहिलं, हसीनामावशींची एक मूठ, सैल. वि.प्र.नी दोनदा वाचलं. सही केली नाही. खोडलंही नाही.