बेसच्या तारा आणि अक्काचा कान

॥ श्री ॥
लातूर, ११ फेब्रुवारी १९८६

ती. अक्कास,
रेणूचा शि. सा. न. वि. वि.

नांदेडहून सुखरूप पोचलो, हे कळवायलाच महिना लागला. पोचल्यावर पाय धुवायला पाणी नव्हतं, एवढंच. जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू आहे. कचेरीवर पाटी नवी, साहेबाच्या मोटारीवर दिवा नवा, आणि माझ्या टेबलावर गावोगावच्या टँकरच्या मागण्या. उस्मानाबादेत असताना निदान ही मिजास तरी नव्हती.

संक्रांतीला तू दिलेला निवाडा मी गुरुपादप्पाच्या तोंडावर मारला. हा आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक. बापाची अडत आहे म्हणून मालक. एरवी सूर आणि तुरीचं पोतं यांतला फरक त्याला सांगावा लागेल. त्याचं टुमणं एकच, की मी बेस गिटारला बारीक, गोल वेढ्याच्या तारा लावाव्यात, मुंबईच्या कॅसेटीत खणखणतो तसा बेस खणखणला पाहिजे. मी त्याला पहिलीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. पोलादी गाभ्यावर गोल तार गुंडाळली की ती खणखणते खरी, पण बोट सरकलं की करकरतेही. त्याच गाभ्यावर चपटी पट्टी गुंडाळली की तार गुळगुळीत होते, आवाज खोल येतो आणि गाणाऱ्याच्या पायाखाली सतरंजी घातल्यासारखा पसरतो. जाडीही समजावली. पाकिटावर ती इंचाच्या हजाराव्या भागात लिहिलेली असते. त्याच्या पसंतीची सर्वांत जाड तार पंच्याण्णवची, माझी एकशे पाचची. यावर तो म्हणाला, दहाचा फरक, त्यात काय एवढं. तूर जोखताना हा दहा ग्रॅम सोडतो का, ते विचारायचं राहून गेलं.

मग मी तुझं नाव काढलं. म्हटलं, माझी बहीण आयुष्यभर गाणं शिकवून राहिली आहे. तिने डोळे मिटून दोन्ही जोड ऐकले, बारीक तारा मुक्या आहेत म्हणाली आणि चपट्या बोलतात म्हणाली. तो हसला. खणखणणाऱ्या तारेला मुकी म्हणणारी बाई एकदा बघायला पाहिजे म्हणाला. असल्या माणसाशी मी वाद घालत नाही. घरी आलो, कानस घेतली आणि गिटारच्या मानेवरच्या हाडाच्या पट्टीतल्या खाचा जाड तारांसाठी रुंद करून टाकल्या. तुमच्या सतारीत जिला तारगहन म्हणतात तीच ही पट्टी. खाच रुंदावली की बारीक तार तिच्यात खुळखुळते, म्हणजे आता माघार नाही. जाड तारांनी मान वाकू नये म्हणून आतला लोखंडी गजही पिळून घेतला.

सौ. हिचा तुला नमस्कार. इथे सगळं आटलं आहे. तुझी माया तेवढी आटू देऊ नकोस.
तुझा,
रेणू


॥ श्री ॥
नांदेड, २० फेब्रुवारी १९८६

चि. रेणुकादासास,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोस्टमन हल्ली हाक मारत नाही. पायरीवर टाकून जातो आणि वर मलाच सांगतो की तीनदा ओरडलो. खोटं बोलायला सरकारने पगार ठेवला आहे.

माझा निवाडा तू अडत्याच्या पोराला सांगितलास हेच मुळात चुकलं. जे वाद्य एका वेळी एकच सूर काढतं आणि तोही तळघरातला, त्याच्या तारांवर दोन प्रौढ माणसं भांडतात, याची मला तुझी बहीण म्हणून लाज वाटते. आपल्या आबांनी तुला तंबोरा धरायला शिकवला होता. तू तो ठेवलास आणि विजेची फळी गळ्यात अडकवलीस. असो. निवाडा मात्र मी बदलत नाही. बारीक तारांत काही जीव नव्हता. डोळे उघडले तर बोट हललेलं दिसत होतं, आवाज येत नव्हता.

माझ्याकडेही सगळा आनंदच आहे. तंबोऱ्याच्या घोडीवरची जवारी बसून झंकार गेला, म्हणून कारागिराकडे दिला. दोनदा काढून दिली तरी तो झंकार काही परत येत नाही, आणि तो गडी तोंड वर करून म्हणतो की बाई, झकास वाजून राहिलाय. शाळेतल्या पोरी तर शब्द खातात. स, श, च ही अक्षरं यांच्या घरी कोणी वापरतच नाही वाटतं. वरच्या षड्जाला गेल्या की नुसतं तोंड उघडं. मोठ्या बाईंकडे तक्रार केली, तर त्या माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत राहिल्या. विशाखा घरात सारखी ओरडून बोलते. कॉलेजात हेच शिकवत असतील.

तब्येतीला जप. पत्रात राग आला तरी मनात धरू नकोस, धरलास तर पुढचं पत्र याहून वाईट येईल.
अक्का


॥ श्री ॥
लातूर, १२ मार्च १९८६

ती. अक्कास,
रेणूचा शि. सा. न. वि. वि.

उदगीरला कार्यक्रम झाला आणि माझा ऑर्केस्ट्रा सुटला. दोन्ही एकाच संध्याकाळी.

मैदानात बांबूंना भोंगे बांधले होते. भोंग्यातून बारीक आवाज कोसभर जातो आणि जाड आवाज तिथल्या तिथे मरतो. माझ्या चपट्या तारांचं काहीच बाहेर गेलं नाही. मी वाजवत होतो आणि पुढच्या रांगेतलं एक म्हातारं शेजाऱ्याला विचारत होतं, की हा बाबा नुसता उभा का आहे. गुरुपादप्पाने सगळ्यांसमोर माईक बंद करून सांगितलं, की मास्तर, तुमच्या ताईंचे कान धुऊन आणा, मग या. वादक हसले. मी म्हटलं, तिच्या कानाबद्दल बोलायला तुला सात जन्म तंबोऱ्यापाशी बसावं लागेल. आणि गिटार पिशवीत घालून निघालो.

पुढच्या महिन्यात नांदेडला नाट्यगृहात दुष्काळ निधीसाठी यांचा कार्यक्रम आहे. मी नसेन. हैदराबादहून कोणी पोरगा आणणार आहेत, बारीक तारांचा. खणखणू दे त्याला. चौदा वर्षं वाजवलं, आता टँकरचे अर्ज आवक करत बसेन. तुझा शब्द मात्र खाली पडू दिला नाही, याचं समाधान आहे.

लोभ आहे हे जाणतो. वाढवता आला तर बघ.
तुझा,
रेणू


नांदेड, १७ मार्च १९८६

ती. रेणूमामास,
विशाखाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने मला वाचून दाखवलं, मोठ्या अभिमानाने. ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. मामा, आईला ऐकू येत नाही. बरेच महिने झाले. खालचे, जाड आवाज तिला येतात. वरचे, बारीक येत नाहीत. कुकरची शिट्टी येत नाही, सायकलची घंटी येत नाही. मागच्या आठवड्यात वजिराबादच्या बाजारात एका सायकलवाल्याने तिला जवळजवळ पाडलं, आणि ती त्यालाच आंधळा म्हणाली.

तंबोरा चांगला वाजतो. पोरी शब्द नीट म्हणतात. पोस्टमन खरंच तीनदा ओरडतो. आणि तुझ्या बारीक तारा मुक्या नव्हत्या. संक्रांतीला मी तिथेच होते. त्या इतक्या खणखणत होत्या की आमची फुलपात्रं वाजत होती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तू इतका खूश दिसत होतास.

शाळेच्या मोठ्या बाई मला भेटल्या. आई परीक्षेत चांगल्या पोरींना नापास करते आणि बेसूर पोरींना काही म्हणत नाही, अशा पालकांच्या तक्रारी आहेत. जूनपर्यंत काही झालं नाही तर त्या तिला शिवणाचा वर्ग देणार आहेत. आईला शिवण. तू विचार कर.

मी एकदा डॉक्टरचं नाव काढलं तर दोन दिवस जेवली नाही. तुम्ही दोघं इतकी वर्षं जगाला मूर्ख ठरवत पत्रं लिहिता, त्यात खरं बोलायला जागाच उरलेली नाही. पण तिला सांगू शकेल असा तूच आहेस. तू तिच्यापेक्षा खालच्या पायरीवर आहेस असं तिला वाटतं, म्हणून तुझ्यासमोर तिला कमीपणा येणार नाही.

मामींना नमस्कार. माझ्यावर रागावलास तरी चालेल, गप्प बसू नकोस.
विशाखा


॥ श्री ॥
लातूर, २५ मार्च १९८६

ती. अक्कास,
रेणूचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

अक्का, तुला वरचे सूर ऐकू येत नाहीत. गुरुपादप्पाला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही हे आजही माझं मत आहे, पण त्याचे कान शाबूत आहेत आणि तुझे नाहीत. बारीक तारा खणखणतात. मलाही त्या दिवशी ते ऐकू येत होतं. तू मुक्या म्हणालीस तेव्हा मला वाटलं, हिला आपल्यापेक्षा काही वेगळं, वरचं कळलं असेल. तू म्हणालीस म्हणून मी माझ्या स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला नाही. लहानपणापासून तसंच करत आलो.

मला हे कोणी सांगितलं ते विचारू नकोस. ज्याने सांगितलं त्याला माझ्याहून जास्त अक्कल आहे. कानाच्या डॉक्टरला दाखव. चष्मा लावतेस तेव्हा तुझं काय कमी होतं. तू नाही गेलीस तर मी रजा टाकून येईन, आणि तुझ्या शाळेच्या फाटकात बारीक तारा लावून वाजवीत बसेन. पोरी कान झाकतील आणि तू एकटी विचारशील की काय झालं.

पत्र वाचून मला तोडलंस तरी चालेल. कान दाखवल्यावर तोड.
तुझा,
रेणू


नांदेड, २ एप्रिल १९८६

रेणुकादास,

आशीर्वाद लिहीत नाही.

तुझं पत्र मी संध्याकाळी वाचलं आणि तंबोरा घेऊन बसले. तार छेडली, आणि कान चक्क खुंटीपाशी लावला. झंकार येत नाही. आबा असताना तंबोरा लागला की खोलीत कोणी तरी आलंय असं वाटायचं. आता नुसती तार हलते. कारागिराला मी काय काय बोलले ते आठवलं.

तुझ्याकडून ऐकावं लागलं, ज्याची आम्ही चौघांत माझा भाऊ म्हणून ओळख करून देताना वाद्याचं नाव गाळतो. विशाखाला मी काही बोललेले नाही. तिनेच लिहिलं हे न कळण्याइतकी मी अजून बहिरी नाही.

उद्या डॉक्टरकडे जाते. सोबत कोणी नको.
सौदामिनी


॥ श्री ॥
लातूर, १४ एप्रिल १९८६

ती. अक्कास,
रेणूचा शि. सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र मिळाल्याचं विशाखाने कळवलं. बरं केलंस.

मी गुरुपादप्पाकडे गेलो. अडतीत पोत्यांवर बसला होता. म्हटलं, मैदानासाठी तू म्हणत होतास ते बरोबर, तिथे बारीक गोल ताराच लागतात. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जणू मी काही तारण ठेवायला आलोय. मग म्हटलं, नांदेडचं नाट्यगृह बंदिस्त आहे, रंगमंच लाकडी आहे, माझा स्पीकर तिथे जमिनीवर राहील. तिथे चपट्याच लावणार. तो म्हणाला, हैदराबादचं पोरगं कबूल करून फिरलंय, तेव्हा मास्तर, तुम्ही सुतळी लावली तरी चालेल, पण या. माफी त्याने मागितली नाही, मीही नाही. एवढ्या मोठ्या मनाची माणसं आम्ही नव्हे.

खाचा तर बिघडवून बसलो होतो. तेव्हा म्हशीच्या शिंगाची दुसरी पट्टी घासून केली, बारीक खाचांची. आता मैदानाला एक, नाट्यगृहाला एक. बदलताना तारा उतरवाव्या लागतात, गज पुन्हा पिळावा लागतो, अर्धा दिवस जातो. जाऊ दे.

तू कार्यक्रमाला यावंस असं मी म्हणत नाही. सिनेमाची गाणी आहेत, तुला मळमळेल. जागा मात्र पुढची ठेवली आहे, माझ्या स्पीकरसमोरची.
आशीर्वाद परत सुरू करता आले तर पाहावं.
तुझा,
रेणू


॥ श्री ॥
नांदेड, २९ एप्रिल १९८६

चि. रेणूस,
अक्काचे अ. उ. आ.

कार्यक्रमानंतर तू भेटायला येईपर्यंत मी निघून आले होते. तिथे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

आधी शाळेचं. मोठ्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. नापास केलेल्या पोरींची परीक्षा दुसऱ्या बाईंनी पुन्हा घेतली, त्यातल्या दोघी फार बऱ्या गातात म्हणे. त्यांना घरी बोलावून जिलबी दिली. वरचे वर्ग मी सोडले. सुरुवातीच्या पोरी माझ्याकडे राहतील. त्यांना खालच्या सप्तकात बसवायचं असतं, आणि ते माझ्याइतकं कोणाला जमत नाही.

यंत्र म्हणजे छातीशी एक डबी आणि कानापर्यंत वायर. पदराआड लपवलं तरी मीही तुमच्या ऑर्केस्ट्रातली दिसते. त्यातून सगळं येतं, पण पत्र्यावर खडे टाकल्यासारखं. षड्ज आला, पोरींचे शब्द आले, पोस्टमनही आला. गाणं आलं नाही. हे मी तुला एकट्याला सांगते.

नाट्यगृहात तुमच्या ढोलक्यांनी सुरुवात केली आणि डबी शिट्टी घालू लागली. चार माणसं वळून बघायला लागली. मी कानातून वायर काढली आणि डबी विशाखाच्या हातात दिली. म्हटलं, तासभर बसू आणि जाऊ. गाणाऱ्या बाईचे शब्द गेले, व्हायोलिनं गेली, गुरुपादप्पा गिटार घेऊन नाचत होता त्याचं काहीच आलं नाही, ते बरंच झालं. राहिलास तू. यंत्राशिवाय, आडवा-तिडवा नाही, सरळ, पायातून आणि पाठीतून. किती तरी दिवसांनी एक अख्खा सूर मला कोणाची मदत न घेता ऐकू आला. शेवटपर्यंत बसले. गाणी भिकार होती.

तुझ्या वाद्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. आता मुद्द्याचं. तिसऱ्या गाण्यात, दुसरं कडवं संपल्यावर, पंचमावर जायचं तिथे तू मध्यमावरच रेंगाळलास आणि मग घाईने सावरून घेतलंस. मी विशाखाला कोपराने ढोसलं. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. घरी येताना ओळखीच्या दोघातिघांना विचारलं. सगळे म्हणाले, फार छान झालं. सबंध नाट्यगृहात तुझी चूक एकट्या मला ऐकू आली.

मे महिन्यात वाद्य घेऊन ये. ती जागा बसवून घेऊ.
माया आहेच, ती मागायची गरज नाही.
अक्का