कोब्याचे तीन थर

१२ फेब्रुवारी

वही आणून तीन आठवडे झाले. रोज उद्या, उद्या! आज उघडली कारण टेबलावर टप्पकन थेंब पडला. बाहेर कडक ऊन. पाऊस परवा पडून गेला, आत्याच्या छतातून तो अजून उतरतोय.

पानिपतला मी दोन दिवसांसाठी आलो होतो. पुढे हिमाचलात स्पितीला जायचं होतं. सॅक अजून भरलेलीच आहे. अलकनंदा आत्या एकटी राहते, भालचंद्रकाका जाऊन दोन वर्षं झाली. तिने 'थांब' म्हटलं नाही, फक्त रोज दोन पोळ्या जास्त करते.

१३ फेब्रुवारी

ठेकेदार आला. छताकडे बघितलं, मग आत्याकडे, मग मोबाइलमध्ये आकडे टाकले. "सब तोड़ के नया लेंटर डलेगा जी. चार लाख दस." लेंटर म्हणजे आपला स्लॅब. वर दोन कप चहा पिऊन गेला!

१५ फेब्रुवारी

जयदीपदादाचा फोन. आत्याचा मुलगा, दिल्लीतल्या द्वारकेत फ्लॅट. आत्या स्पीकरवरच बोलते.

"आई, चार लाख त्या डब्यावर? डीलर आठ मार्चला बयाणा द्यायला तयार आहे. वीक आणि इकडे ये. रुचितापण तेच म्हणते."

रुचिता म्हणजे वहिनी. याच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात रुचिता म्हणते, रुचिता म्हणते.

"माझ्याकडे दीड लाख आहेत," आत्या म्हणाली. "तेवढ्यात झालं तर?"

दादा हसला. "आठ तारखेपर्यंत झालं तर राहा खुशाल. मी एक शब्द बोलणार नाही."

फोन ठेवून आत्या म्हणाली, "बाराव्या मजल्यावर माझा कढीपत्ता काय लिफ्टमध्ये लावू?" मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी दोनच होती.

१७ फेब्रुवारी

दुसऱ्या ठेकेदाराचा भाव काढायला निघालो आणि एका कारखान्यात जाऊन बसलो! दार उघडं होतं. परदेशातले जुने कोट, स्वेटर, डोंगरच्या डोंगर. बायका विळीवर बटणं, चेन कापून काढतात, रंग वेगळे करतात, मग पिंजून त्याचा पुन्हा धागा, धाग्याचं ब्लँकेट. एकीने लाल कोट माझ्या अंगाला लावून बघितला — "हीरो!" सगळ्या हसल्या. तीन तास गेले. भाव राहिला. आत्याने माझं गार झालेलं जेवण पुन्हा गरम केलं, ते जास्त लागलं.

१८ फेब्रुवारी

म्हणून सकाळी स्वतःच गच्चीवर चढलो, हातोडी घेऊन. एक कोपरा फोडला. खाली कोबा. त्याच्या खाली कोबा. त्याच्याही खाली कोबा! केकसारखे थर.

आत्याला विचारलं. गळलं की काका कोबा घालायचे. पुण्यात घरोघरी गच्चीवर तेच करतात — विटांचे तुकडे, वर सिमेंट — मग इथे का नको? स्वतः टोपी घालून उभे राहायचे, सात दिवस पाणी तुंबवून ठेवायचे. "गल्लीत एवढं पक्कं छत कुणाचं नाही म्हणायचे रे."

२० फेब्रुवारी

बलवंत मिस्त्री. गल्लीतलाच, साठीचा. खाटेवर उभा राहून छत ठोकलं, कान लावला. वर जाऊन थर बघितले आणि कपाळावर हात मारला. "छत बणाई सै के किला?"

इथली जुनी छतं वेगळी. लोखंडी गर्डर, त्यावर दगडी पट्ट्या, वर माती आणि टाइल. एवढंच वजन पेलतात. काकांनी तीन कोबे लादले. दगड तडकले, मग जास्त गळलं, मग आणखी कोबा!

"गर्डर तो लोहा है लोहा, सौ साल चलेगा. बोझ उतारो, टूटे पत्थर बदलो." पाडलेल्या घरातल्या जुन्या पट्ट्या मिळतात. मजुरी, मलबा, ट्रॅक्टर धरून एक लाख बत्तीस हजार.

मी नाचलो. आत्या नाही नाचली. तीन थर फोडायचे म्हणजे काकांचंच काम फोडायचं, ते मला उशिरा कळलं.

२१ फेब्रुवारी

आत्या चहा ठेवता ठेवता म्हणाली, "फोड."

२६ फेब्रुवारी

पाच दिवस घण, मी आणि बलवंत मिस्त्रीचे तीन मजूर. दोन ट्रॉल्या मलबा गेला. हाताला फोड आलेत. मला कंटाळा आला नाही — हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

१ मार्च

खोलीवर आकाश! तडकलेल्या अकरा पट्ट्या काढल्या. आणि तिन्ही मजूर होळीला बिहारला गेले!! "आठ-दस दिन में आ जाएंगे भैया." आठ तारखेला दादा डीलरला घेऊन येणार आणि त्याला काय दिसणार? ढग. एक पट्टी उचलायला चार माणसं लागतात. आम्ही दोघं, मी आणि मिस्त्री. त्यातला एक साठीचा.

४ मार्च

गल्लीभर रंग. आत्याने पुरणपोळ्या केल्या, चाळीस! शेजारच्या यंत्रमागवाल्यांना वाटल्या. सगळ्यांनी वर बघितलं.

५ मार्च

यंत्रमागवाले चौघे सकाळीच हजर. "आंटी, मशीन आज बंद है. पत्थर किधर?" दिवसभरात सहा पट्ट्या बसल्या. बलवंत मिस्त्री मला म्हणाला, "तू टिक जा तो मिस्त्री बण जागा." मी पुढच्या पट्टीला हात घातला.

६ मार्च

अजून दोन. उरल्या तीन. दादाचा मेसेज: परवा सकाळी अकरा वाजता येतो.

७ मार्च

आताच दाराशी टॅक्सी थांबली. दादा एक दिवस आधीच आला म्हणून मी शिडीवरून ओरडलो. दादा नाही. रुचितावहिनी! एकटी, दोन मोठ्या बॅगा.

उंबऱ्यातच म्हणाली, "आई, मी कधीच विका म्हटलं नव्हतं, जयदीपच माझं नाव पुढे करत होता. हे घर मला हवंय. राहायला."

आत्याने एक बॅग उचलून आत ठेवली आणि वर तोंड करून हाक मारली, "बलवंतजी, आज शाम तक छत पूरी चाहिए. बहू आई है."