लाल बंगल्यात राहत होतो तेव्हा

१२ मार्च १९८८, धुळे
हे संध्याकाळी आले, सायकल भिंतीला टेकवली आणि तसेच उभे. चहा घेईनात. मग म्हणाले, "आपलं क्वार्टर पाडायचं घाटतंय." लाल बंगल्याच्या जागी बांधकाम खात्याचं नवं तीन मजली ऑफिस. मात्र पाडायचं तर इमारत धोकादायक आहे असा अहवाल हवा. तो लिहायचा इमारतींच्या ज्युनिअर इंजिनिअरने. म्हणजे यांनीच. राहतो त्याच घराचा.
ऐकता ऐकता भाजी करपली.

१४ मार्च
पश्चिमेच्या भिंतीला भेग आहे, हे खरंच. खिडकीच्या कमानीपासून वर छपरापर्यंत. यांचे साहेब म्हणतात एवढी पुरे, लिहून टाका. यांनी आज शिडी लावून भेगेवर आडव्या काचपट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली की काच तडकणार. म्हणाले, पावसाळा काढू, मग बघू.
"आणि तडकली तर?"
"तर तसं लिहीन."
हा माणूस असाच. लग्न ठरताना पत्रिका जुळत नाही हेही यांनीच येऊन सांगितलं होतं.

२ एप्रिल
शाळेचे पेपर तपासून झाले. आठवीच्या मुलींची फुलदाण्यांची चित्रं आवरली आणि स्वतःच कागद घेऊन अंगणात बसले. घरच काढायचं. इतकी वर्षं राहतोय, कधी बघितलंच नव्हतं.
एक वीट आडवी, एक उभी, अशी भिंत. कमानींच्या विटा निमुळत्या घासून बसवलेल्या. छप्पर इतकं उतरतं की कावळासुद्धा घसरेल. आणि छपरावर धुराची चिमणी! धुळ्यात! बैठकीतल्या शेकोटीत आमचा रॉकेलचा डबा.
शेजारचे नाना, खात्याचे रिटायर्ड हेडक्लार्क, कुंपणावरून म्हणाले, "पूल बांधायला आलेल्या गोऱ्या साहेबाचं घर हे. बठ्ठा नकाशा त्याच्या गावाकडचा. छप्पर उतरतं कशासाठी? बर्फ घसरून पडावं म्हणून."
बर्फ. इथे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं.

१९ एप्रिल
आज एक सापडलं. व्हरांड्याच्या विटा घराच्या विटांपेक्षा पातळ आहेत. थर जुळत नाहीत, मध्ये सांधा आहे. म्हणजे व्हरांडा मागाहून जोडला. छपराखालचे झरोकेही भिंत फोडून नंतर केलेले. नानांना विचारलं. म्हणाले, पहिल्याच उन्हाळ्यात साहेबाची मडम आजारी पडली, मग केलं असेल. खरं-खोटं कोण जाणे.
ह्यांना दाखवलं. किती वेळ त्या सांध्यावरून बोट फिरवत होते. म्हणाले, "तुझं लक्ष गेलं. माझं नाही गेलं." दिवस चांगला गेला.

६ मे
रावेरहून आबा आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे राहणार. दारातच थांबले, वर बघितलं. "हे घर हाये का ठेसन?" सोबत केळीचे दोन घड.

११ मे
आबांनी शेकोटीतला डबा बाहेर काढला, घड पिकायला आत ठेवले, वर गोणपाट. "आता समजलं मले, साहेबानं हे कायले बांधलं ते."
घरभर वास.

१३ मे
यांचे साहेब पाहणीला आले. बरोबर दोन माणसं. भेग बघितली, मान हलवली. बैठकीत येऊन वास घेत शेकोटीपाशी वाकले. आबांनी, डोळ्यावर हिरवी पट्टी, गोणपाट बाजूला करून फणी मोडून हातात दिली. साहेबांनी उभ्या उभ्या केळी खाल्ली. बाहेर बेचाळीसच्या वर, आत पंखा नसताना गार. शर्टाचं वरचं बटण लावत म्हणाले, "बरं आहे हो इथं." मग यांच्याकडे वळून, "पण अहवाल लवकर द्या."

९ ऑक्टोबर
पावसाळा संपला. काचा शाबूत. एकही तडा नाही. भेग जुनी आहे, भिंत कधीच स्थिरावली आहे. यांनी तसंच लिहिलं, दिलं. साहेब म्हणाले, "विचार करा." हे म्हणाले, "केला."
रात्री हे जेवले नीट. मी नाही.

२१ नोव्हेंबर
बदली. पिंपळनेर.
माझी शाळा इथे.

१७ डिसेंबर
उलटंच झालं सगळं. वरच्या ऑफिसने पुण्याहून जुन्या इमारतींच्या जाणकार बाई पाठवल्या. शनिवार म्हणून हे पिंपळनेरहून आलेलेच होते. अहवाल वाचून बाईंनी भिंत ठोकून बघितली, माझी चित्रं मागून घेतली, जमिनीवर पसरून बसल्या. बंगला पाडायचा नाही, जतन करायचा! आनंदाने मी त्यांना पुन्हा चहा केला. मग म्हणाल्या, जतन म्हणजे इथे कोणी राहायचं नाही.
हे हसायला लागले. मीही. काय करणार.

२९ जानेवारी १९८९
धुळ्यातच, देवपुरात दोन खोल्या. पत्र्याच्या. सामान मावत नाही. हे शनिवारी येतात. आबांनी निरोप पाठवला, केळी कुठे पिकवता आता?

१७ एप्रिल
नाना सकाळीच सांगत आले. व्हरांडा काढणार आहेत. तो मूळचा नाही, घर जसं बांधलं तसं दिसायला हवं, असा बाईंचा हुकूम. सांध्यावर खडूने रेघ मारून ठेवली आहे.
पण त्याशिवाय इथे कोणाला एक उन्हाळा काढता आला असता का? ते घर धुळ्याचं झालं ते व्हरांड्याने. बाईंना पत्र टाकलं. ह्यांनाही.

२२ एप्रिल
शनिवार. हे एस.टी.तून उतरून थेट बंगल्यावरच आले. मी आधीच पोचले होते. मजूर पहारी घेऊन हजर. मुकादमाला म्हटलं, बाईंची तार आलीय, दुपारच्या गाडीने येताहेत, त्यांच्याशी बोलू द्या, तोवर हात लावू नका. म्हणाला, माझ्या हातात काय आहे?
मग ऊन चढलं. पहारी टेकवून सगळे व्हरांड्यातच भाकरीची फडकी सोडून बसले. मुकादमही. एक म्हातारी मजूरबाई सरकली, मला जागा करून दिली. "बस व माय. आठे गार वाटस."
बसले. हे पलीकडे, खांबाला पाठ टेकून. मुकादमाचा डोळा लागला. कोणीच उठेना.
तिथेच बसून लिहितेय. बाई अजून आल्या नाहीत.